सी अर्चिनला जेवण कसं वाढायचं? बंद पाण्याच्या शेतीमागचं गणित, सोप्या भाषेत

इन्स्टाग्रामवर जपानी सुशीचे रील्स बघताना भाताच्या छोट्या गोळ्यावर ठेवलेला एक केशरी, मऊ, जिभेच्या आकाराचा तुकडा तुम्ही कधीतरी बघितला असेल. जपानमध्ये त्याला 'उनी' म्हणतात आणि तो चांगलाच महाग असतो. हा तुकडा येतो सी अर्चिनमधून. सी अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, अंगभर काटे असलेला, साळिंदराचा गोळा करून ठेवल्यासारखा दिसणारा प्राणी.

हा प्राणी आता काही देशांत जमिनीवरच्या टाक्यांमध्येही वाढवतात. पाणी तेच, फिल्टर होऊन पुन्हा पुन्हा फिरणारं. मग वाटतं, यात अवघड काय आहे? टाकी घ्या, पंप लावा, मोबाईल ॲपवर चालणारा ऑटो फीडर बसवा आणि वेळ सेट करा. झालं की!

पण इथेच गाडी अडते. बंद टाकीत टाकलेलं खाद्य फक्त प्राणी खात नाही. ते पाण्यात उतरतं, जिवाणूंकडे जातं, ऑक्सिजन संपवतं आणि शेवटी त्या केशरी तुकड्याची चवही ठरवतं. त्यामुळे अशा सिस्टीमची खरी क्षमता टाकीच्या लिटरमध्ये मोजत नाहीत. ती मोजतात 'दिवसाला किती खाद्य पेलते' यावर. हे एक वाक्य लक्षात ठेवा, बाकीचा लेख त्याभोवतीच फिरणार आहे.

आधी ओळख करून घेऊ: अर्चिनमधलं नेमकं काय खातात?

अर्चिनच्या कवचाच्या आत पाच जननग्रंथी असतात. खाल्ल्या जातात त्या याच, आणि नर-मादी दोघांच्याही. गंमत म्हणजे या ग्रंथी अर्चिनसाठी गोदामाचंही काम करतात. खायला भरपूर मिळालं की तो जास्तीचं पोषण तिथे साठवतो आणि ग्रंथी फुगतात. उपासमार झाली की तोच साठा वापरतो आणि ग्रंथी आक्रसतात. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. कवच तेवढंच, काटे तेवढेच, आत रिकामं.

या व्यवसायात एक साधा आकडा वापरतात: ग्रंथींचं वजन भागिले पूर्ण अर्चिनचं वजन, गुणिले १००. म्हणजे १०० ग्रॅमच्या अर्चिनमध्ये १२ ग्रॅम ग्रंथी निघाल्या तर आकडा १२. खाद्य जमलं की नाही, हे आधी या आकड्यावरून कळतं.

अर्चिनचं तोंड खालच्या बाजूला असतं. त्यात पाच दातांचं एक यंत्र असतं, त्याला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. त्याने तो समुद्री शेवाळ खरवडून खातो. घास गिळणारा हा प्राणी नाही, तासन् तास कुरतडत बसणारा आहे. पुढे याचा मोठा संबंध येणार आहे.

रिकाम्या अर्चिनची गोष्ट

टाकीत आणून खायला घालायची गरज का पडली, हे समजायला कॅलिफोर्नियाचं उदाहरण बघू. तिथे समुद्रात केल्प नावाच्या उंच शेवाळाची अक्षरशः जंगलं असतात. २०१३ पासून एका रोगाने तिथले तारामासे मोठ्या प्रमाणात मेले. त्यात अर्चिन खाणारा 'सनफ्लॉवर' तारामासाही होता. २०१४ ते २०१६ मध्ये समुद्राच्या पाण्याची उष्णतेची लाट आली. केल्पला थंड पाणी लागतं, त्यामुळे ते कमजोर झालं. शिकारी गेला, अन्न घटलं आणि जांभळे अर्चिन उरलंसुरलं केल्प फस्त करत सुटले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्प नाहीसं झालं.

यातली खरी अडचण पुढे आहे. केल्प संपलं तरी हे अर्चिन मरत नाहीत. उपाशीपोटी वर्षानुवर्षं तळाशी बसून राहतात आणि नवीन कोंब आला की तो खातात. म्हणून जंगल परत उभं राहत नाही. आणि ते आतून रिकामे असल्यामुळे मच्छीमारांना ते काढण्यात काही फायदा नसतो.

मग एक कल्पना पुढे आली: हे रिकामे अर्चिन गोळा करायचे, जमिनीवरच्या टाकीत आणायचे, काही आठवडे चांगलं खायला घालायचं आणि भरले की विकायचे. समुद्राचं ओझं कमी होईल आणि गोळा करणाऱ्याला पैसेही मिळतील. पण हे सगळं गणित एकाच गोष्टीवर टिकून आहे, ती म्हणजे खाद्य. तिथे चुकलं तर ना उनी विकली जाणार, ना केल्प परत येणार.

आरएएस म्हणजे काय?

'रीसर्क्युलेटिंग ॲक्वाकल्चर सिस्टीम'चं छोटं रूप म्हणजे आरएएस. मराठीत सांगायचं तर तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरणारी मत्स्यशेती. घरच्या फिश टँकची मोठी आणि शिस्तीची आवृत्ती समजा. पाण्याचा प्रवास साधारण असा:

- प्राण्यांच्या टाकीतून पाणी बाहेर येतं.
- गाळणीतून विष्ठा आणि उरलेलं खाद्य वेगळं होतं.
- प्रोटीन स्किमर फेस तयार करून पाण्यातले बारीक सेंद्रिय कण बाहेर काढतो.
- बायोफिल्टरमध्ये जिवाणू अमोनियाचं रूपांतर करतात.
- कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात, ऑक्सिजन आत मिसळतात.
- बऱ्याच ठिकाणी अतिनील दिव्यातून जाऊन पाणी परत टाकीत येतं.

यातला बायोफिल्टर हा सगळ्यात महत्त्वाचा. त्यात जिवाणूंची दोन पथकं असतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्रोस्पिरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य.

सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर बायोफिल्टर हा एक सर्व्हर आहे आणि खाद्याचा प्रत्येक दाणा म्हणजे त्याच्याकडे येणारी रिक्वेस्ट. सर्व्हरची क्षमता ठरलेली असते. त्यापेक्षा जास्त रिक्वेस्ट आल्या की रांग लागते. फरक एवढाच की इथे रांगेत अमोनिया उभा असतो, आणि तो प्राण्यांच्या अंगाभोवतीच उभा असतो. क्लाउडसारखं इथे बटण दाबून क्षमता वाढवताही येत नाही. हे जिवाणू सावकाश वाढतात. नवीन बायोफिल्टर नीट तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात.

१ किलो खाद्याचा हिशोब

समजा १०,००० लिटरची टाकी आहे आणि आपण दिवसाला १ किलो कोरडं खाद्य टाकतो. खाद्यात २५ टक्के प्रोटीन आहे.

- प्रोटीन झालं २५० ग्रॅम.
- प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ४० ग्रॅम नायट्रोजन.
- हिशोबापुरतं धरू की यातला निम्मा अमोनियाच्या रूपात पाण्यात आला. म्हणजे २० ग्रॅम.
- १०,००० लिटरमध्ये २० ग्रॅम म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम.

हे फक्त एका दिवसाचं. बायोफिल्टरने काहीच केलं नाही तर दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी ६. शिवाय पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. समुद्राच्या पाण्याचा पीएच आधीच ८ च्या आसपास असतो, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ढिलाई परवडत नाही.

आता बायोफिल्टर नीट काम करतोय असं धरू. तरी बिल येतंच. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला जिवाणूंना सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि पाण्याची सुमारे ७.१४ ग्रॅम क्षारता संपते. क्षारता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. २० ग्रॅमचा हिशोब केला तर ९१ ग्रॅम ऑक्सिजन आणि १४३ ग्रॅम क्षारता. ती क्षारता भरून काढायला रोज सुमारे २४० ग्रॅम, म्हणजे जवळपास पाव किलो खाण्याचा सोडा टाकावा लागेल. १ किलो खाद्यामागे पाव किलो सोडा!

सोडा टाकला नाही तर पीएच खाली जातो. अर्चिनचं कवच आणि काटे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, म्हणजे खडूच्याच जातीचे. पाणी आम्लाकडे झुकलं की कवच बांधणं त्याला जड जातं. त्यात भर म्हणजे अर्चिनला शरीरातल्या मिठाचं प्रमाण माशांसारखं सांभाळता येत नाही. बाहेरच्या पाण्यात जो बदल, तो थेट आत.

चहात बुडवलेलं बिस्किट

माशांना खाद्य टाकलं की ते झडप घालतात, काही मिनिटांत फस्त. खाद्याला पाण्यात टिकायचं कामच पडत नाही. अर्चिनचं तसं नाही. तो नळीसारख्या बारीक पायांनी तुकडा पकडतो, तोंडाखाली घेतो आणि सावकाश कुरतडत बसतो. एक तुकडा संपायला कित्येक तास लागू शकतात.

आता चहात बुडवलेलं बिस्किट आठवा. जरा उशीर झाला की तळाशी गाळ. माशांचं साधं खाद्य अर्चिनला घातलं तर नेमकं हेच होतं. तुकडा विरघळतो, पोषण पाण्यात जातं, अर्चिन उपाशी आणि पाणी घाण. त्या गाळावर दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू वाढतात. ते झपाट्याने वाढतात, ऑक्सिजन खातात आणि अमोनिया साफ करणाऱ्या जिवाणूंची जागा अडवतात. म्हणजे जास्त काम पडलं त्याच वेळी सर्व्हर स्लो.

म्हणून अर्चिनच्या खाद्यात चांगला बांधणारा पदार्थ लागतो. शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट, अगर म्हणजे आपल्याकडचं चायना ग्रास, जिलेटिन, स्टार्च असे पर्याय वापरले जातात. तुकडा निदान एक दिवस पाण्यात अख्खा राहिला पाहिजे, पण दाताने सहज तुटलाही पाहिजे.

खाद्य कुठे पडतं हेही महत्त्वाचं. अर्चिन भिंतीला चिकटून बसलाय आणि खाद्य तळाशी पडलंय, तर ते त्याच्यासाठी नसल्यासारखंच. तो काही पोहत येणार नाही. म्हणून अर्चिन जाळीच्या टोपल्यांत किंवा उथळ ट्रेमध्ये ठेवतात, म्हणजे खाद्य त्यांच्या जवळच राहतं आणि विष्ठा खाली निघून जाते.

जास्त प्रोटीन दिलं की जास्त फायदा?

जिममध्ये जाणाऱ्या मित्राला विचारलंत तर तो हो म्हणेल. अर्चिनच्या बाबतीत उत्तर आहे: वजनासाठी बऱ्यापैकी हो, चवीसाठी नाही.

प्रोटीन वाढवलं की ग्रंथी लवकर फुगतात. पण चव ठरते त्यातल्या अमिनो आम्लांवर. ग्लायसिन आणि ॲलनिनमुळे गोडवा येतो, ग्लुटामेटमुळे ती भरलेली 'उमामी' चव. व्हॅलिन, आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं कडूपणाकडे नेतात. प्रोटीनचा अतिरेक केलेल्या खाद्यावर ग्रंथी मोठ्या होतात, पण चव कडवट किंवा सपक व्हायची भीती असते. म्हणजे टाकीतलं पाणीही जास्त बिघडलं आणि माल विकलाही गेला नाही.

दुसरा मुद्दा रंगाचा. फिकट, करड्या उनीला भाव नाही. ग्रंथींचा केशरी-पिवळा रंग मुख्यतः एकिनेनोन या रंगद्रव्यामुळे येतो. अर्चिन ते खाद्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून स्वतः बनवतो. बीटा-कॅरोटीन म्हणजे तेच, ज्यामुळे गाजर केशरी दिसतं. ते शेवाळात असतं. खाद्यात ते नसेल तर ग्रंथी भरतील, पण पांढुरक्या.

तिसरा मुद्दा वेळेचा. प्रजननाचा काळ जवळ आला की ग्रंथींमधला साठा अंडी आणि शुक्राणूंमध्ये बदलतो. मग त्या पातळ आणि पाणचट होतात. म्हणून टाकीत दिव्यांची वेळ आणि पाण्याचं तापमान सांभाळून तो काळ पुढे ढकलायचा प्रयत्न करतात.

दक्षिण आफ्रिकेतलं उत्तर: खाद्यात शेवाळ

'ट्रिपन्यूस्टेस ग्राटिला' ही उष्ण पाण्यातली, झपाट्याने वाढणारी अर्चिनची जात हिंद महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत आढळते. दक्षिण आफ्रिकेत मार्क सायरस, जॉन बोल्टन, ब्रेट मेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या खाद्यावर बरंच काम केलं. त्यांनी तयार खाद्यात 'उल्व्हा' या हिरव्या शेवाळाची कोरडी पूड मिसळून बघितली. २० टक्के उल्व्हा असलेलं खाद्य अर्चिननी जास्त आवडीने आणि जास्त प्रमाणात खाल्लं, आणि ग्रंथींचा दर्जाही सुधारला.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर याचा फायदा दुहेरी आहे. प्राण्याला आवडलं म्हणजे खाद्य उरत नाही. उरलं नाही म्हणजे गाळ नाही. गाळ नाही म्हणजे बायोफिल्टरवर फुकटचा लोड नाही. चव वाढवणं हीसुद्धा पाणी स्वच्छ ठेवायची एक पद्धत झाली!

आणखी भारी गोष्ट म्हणजे उल्व्हाला वाढायला अमोनिया लागतो. दक्षिण आफ्रिकेत अबॅलोनी नावाच्या महागड्या समुद्री गोगलगायींच्या फार्ममध्ये बाहेर पडणाऱ्या पाण्यावर उल्व्हा वाढवतात. मोठ्या हौदात चाकं फिरत राहतात, शेवाळ गोल गोल फिरतं, पाण्यातला अमोनिया शोषतं आणि तेच शेवाळ पुन्हा खाद्य म्हणून वापरतात. एकाचा कचरा, दुसऱ्याचं जेवण. हे उल्व्हा आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही असतं. ओहोटीला खडकांवर दिसणारी पोपटी, प्लॅस्टिकच्या पातळ कागदासारखी पानं आठवा, त्यातली बरीचशी उल्व्हाचीच.

जपानमध्ये तर याहून साधी युक्ती केली. कानागावा प्रांताच्या सरकारी मत्स्य तंत्रज्ञान केंद्राने रिकाम्या अर्चिनना चक्क कोबी घालून बघितला. तिथला मिउरा भाग कोबीसाठी प्रसिद्ध आहे आणि बाजारात न चालणारी पानं वाया जातात. कोबीचं पान पाण्यात विरघळत नाही, त्यात प्रोटीन कमी आणि अर्चिन ते आवडीने खातात. ग्रंथी भरल्या आणि कडवटपणाही कमी आला. वर बघितलेल्या जवळपास सगळ्या अटी कोबीने आपोआप पूर्ण केल्या.

मग ऑटो फीडर आणि ॲपचं काय?

ऑटो फीडर वाईट नाही, पण फक्त घड्याळ बघून चालणारा फीडर आंधळा असतो. चांगल्या सिस्टीमने खाद्य टाकण्याआधी हे बघायला हवं:

- कालचं खाद्य उरलंय का? उरलं असेल तर आज कमी. साधा पाण्यातला कॅमेरा इथे खूप कामाचा.
- ऑक्सिजन कमी झालाय का? झाला असेल तर थांबा. खाद्य पडलं की तो आणखी कमी होणार.
- पीएच हळूहळू घसरतोय का? आजचा एक आकडा बघू नका, आठवड्याचा ग्राफ बघा.
- अमोनिया, नायट्राइट किती? हे बऱ्याच ठिकाणी रंग बदलणाऱ्या टेस्ट किटने माणूसच तपासतो. ते आकडे ॲपमध्ये भरायची सोय हवी.
- अर्चिन कसे दिसतायत? काटे लोंबायला किंवा गळायला लागले, भिंतीवरची पकड सुटली, तर काहीतरी बिघडलंय.

आणि एक पक्का नियम: खाद्य वाढवायचं ते थोडं थोडं. बायोफिल्टरचे जिवाणू वाढायला वेळ घेतात, म्हणून आज दुप्पट खाद्य टाकलं तर चटका काही दिवसांनी बसतो. लाईट गेली तर सगळ्यात आधी फीडर बंद. पंप थांबलेले असताना टाकलेला प्रत्येक तुकडा उरलेला ऑक्सिजन संपवायलाच मदत करतो.

हे तुमच्या कामाचं कसं?

आपल्याकडे अर्चिन सहसा ताटात येत नाही. पण आरएएस मात्र आपल्यापर्यंत पोहोचलंय. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत आरएएससाठी अनुदानाची तरतूद केली गेली, आणि 'छोट्या जागेत टाकी लावा, लाखो कमवा' असे व्हिडिओ तुमच्या फीडमध्येही आले असतील. घरातलं कोणी अशा टाकीत पैसे घालायचा विचार करत असेल तर विकणाऱ्याला 'टाकी किती लिटरची' आणि 'मासे किती बसतील' एवढंच विचारून थांबू नका. हे तीन प्रश्न विचारा:

१. हा बायोफिल्टर दिवसाला किती किलो खाद्य पेलतो, आणि त्या खाद्यात प्रोटीन किती टक्के धरलंय?
२. तेवढ्या खाद्यासाठी ऑक्सिजन आणि सोड्याचा रोजचा खर्च किती?
३. लाईट गेल्यावर ऑक्सिजन किती तास चालू राहील?

उत्तर आकड्यात मिळालं तर समोरच्याने हिशोब केलाय असं समजा. 'टेन्शन घेऊ नका, सगळं ऑटोमॅटिक आहे' असं मिळालं तर पैसे खिशातच ठेवा. घरी साधा फिश टँक असेल तरी गणित हेच आहे. उद्या सकाळी डबा उघडून चिमूटभर जास्तीचं खाद्य टाकायचा मोह झाला, तर आधी तळाशी कालचं काही उरलंय का तेवढं बघा.